गोडाच्या पोटी आंबट
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आम्ही बागवान. नावात बाग असली तरी आमच्या घराण्यात बाग कुणी लावली नाही. दुसऱ्याच्या बागेतलं फळ विकण्यातच पिढ्या गेल्या. अब्बा पुण्याच्या मंडईत बसत. खडकवासल्याहून पहाटेची पहिली बस धरायची आणि दिवेलागणीला परतायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. डाळिंब न फोडता, नुसतं तळहातावर तोलून आणि अंगठ्याच्या नखानं टिचकी मारून ते आतला दाणा कसा निघेल ते सांगत. गिऱ्हाईक हसायचं, फळ फोडायचं आणि पैसे द्यायचं.

१९८३ साली, मी सातवीत असताना, त्यांनी एक डाळिंब विकायचं सोडून घरी आणलं. 'गणेश' जातीचं होतं. मी तेवढं गोड डाळिंब त्यापूर्वी खाल्लं नव्हतं. बी इतकी मऊ की दाण्याबरोबर कधी चावली गेली ते कळू नये. आमची दादी म्हणायची, प्रत्येक डाळिंबात एक दाणा जन्नतचा असतो, म्हणून एकही दाणा खाली सांडू द्यायचा नाही. आम्ही भावंडं ताटलीवर वाकून खात होतो. अब्बांनी मात्र मूठभर दाणे बाजूला काढले, चोळून धुतले, राखेत वाळवले आणि मागच्या अंगणात, मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं पेरले. एक रोप जगलं.

चौथ्या वर्षी ते फुललं. डाळिंबाच्या फुलाला उर्दूत गुलनार म्हणतात. मला पहिल्यांदा कवितेचं वेड लागलं ते बहुधा या शब्दामुळे. खाली पडलेली फुलं आम्ही वेचायचो. पुढे कळलं की गळणारी फुलं बहुतेक नर असतात, घंटेसारखी, बुडाशी निमुळती. फळ धरतं ते बुडाशी फुगीर, सुरईसारख्या फुलात. त्या वर्षी सहा फळं धरली. अब्बांनी पहिलं फळ तळहातावर तोललं, टिचकी मारली आणि काहीच बोलले नाहीत. फोडलं. दाणा फिका, बी कडक, आणि आंबट असं की डोळे मिटावेत.

"खट्टा निकला," एवढंच ते म्हणाले.

बागवानाच्या दारात आंबट डाळिंब! गल्लीत थट्टा झाली. अब्बांनी आधी मोरीच्या साबणाच्या पाण्याला दोष दिला. अम्मीनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून भांड्यांचं पाणी दुसरीकडे वळवलं. फळ काही गोड झालं नाही. मग त्यांनी जमिनीला दोष दिला. पुढे मी गाळ्यावर बसायचं टाळून मराठी घेऊन बी. ए. केलं, मासिकांत कविता पाठवू लागलो, तेव्हा पाहुण्यांसमोर झाडाकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "एक ते, आणि एक हा." पाहुणे हसत. मीही हसायचो.

बीचं हे काय गौडबंगाल आहे ते मला पुष्कळ उशिरा समजलं. शेजारी कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला आले. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरताना ते बोलायचे आणि मी ऐकायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला खोडलं. म्हणाले, "गणेशचं बी म्हणजे गणेश नव्हे." गणेशची जेवढी झाडं महाराष्ट्रात आहेत ती फांदीपासून केलेली, म्हणजे एका अर्थी ती सगळी एकच झाड. ते मूळ झाड डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यातच, गणेशखिंडीच्या बागेत, 'आळंदी' जातीच्या रोपांतून १९३६ साली निवडलं. तेव्हा त्याचं नाव होतं जी. बी. जी. १; 'गणेश' हे नाव १९७० साली मिळालं. फांदी लावली की तेच झाड पुन्हा उगवतं. बी लावलं की आईबापांच्या गुणांचा पत्ता नव्यानं पिसला जातो. अब्बांच्या त्या फळात आई गणेश होती; बाप कोण, ते त्या बागेतल्या मधमाशीलाच ठाऊक.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हाच पत्ता मुद्दाम पिसला. गणेशला मऊ बी होती पण दाणा फिका. 'गुल-ए-शाह रेड' या परदेशी जातीचा दाणा गडद लाल, पण बी कडक. दोघांचा संकर केला आणि पुढच्या पिढीच्या रोपांतून लाल दाणा नि मऊ बी एकत्र आलेली झाडं शोधली. त्या एका घरातून १९९४ साली 'मृदुला' आली आणि २००३-०४च्या सुमारास 'भगवा'. म्हणजे आळंदीची नात, गणेशची लेक, बाप गुल-ए-शाह आणि नाव भगवा. मी हे एकदा एका कविसंमेलनात सांगितलं तेव्हा आधी शांतता पसरली, मग टाळ्या पडल्या. बाजारात याच भगव्याला शेंदरी म्हणतात, अष्टगंध म्हणतात आणि मस्तानीही म्हणतात. पुण्यात आणखी काय हवं?

पण मला खरं नवल वाटलं ते रंगाचं नाही, वेळेचं. मृदुला आणि भगवा सख्ख्या बहिणी. तरी भगव्याचं फळ फुलापासून पिकायला साधारण १८० दिवस घेतं आणि मृदुलाचं त्याच्या महिनाभर आधी तयार होतं. एका घरातल्या दोन लेकींत ही घाई आणि ही सबुरी कुठून आली?

आमच्याकडे डाळिंब केव्हा फुलायचं ते माणूस ठरवतो. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची आणि मग पाणी सोडायचं, की झाड फुलतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलवलं तर आंबे बहार, पावसाच्या तोंडावर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. आमच्या झाडाचा बहार अम्मी धरायची, तिच्या नकळत. मे महिन्यात ती महिनाभर माहेरी जायची. घरात स्वयंपाक-धुणं नाही, म्हणून मोरीला पाणी नाही. झाड सुकून काटक्या व्हायचं. जूनमध्ये ती परतायची, पाऊसही यायचा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कळ्या. तेव्हा फुलण्याचा दिवस पाण्याच्या हाती. पण फुलल्यावर पिकायला किती दिवस लावायचे ते झाडाच्या रक्तात असतं. तिथं अम्मीचं चालत नाही आणि शेतकऱ्याचंही फारसं नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा महिना साधा नाही. भगव्याची साल जाड, फळ टिकाऊ, म्हणून ते आखातापर्यंत आणि युरोपापर्यंत पोचतं आणि पैसा देतं. पण फळ झाडावर महिनाभर जास्त म्हणजे तेल्या रोगाची महिनाभर जास्त धास्ती, आणि फवारणीचा खर्च वेगळा. तेल्यापायी उभ्या बागा उपटलेल्या मी सोलापूरकडे पाहिल्या आहेत. भगव्याचा रंग नि टिकाऊपणा ठेवून मृदुलाची घाई आणता येईल का, हा प्रश्न तिकडे घराच्या कर्जाशी जोडलेला आहे.

वेळेच्या वारशाचा अभ्यास पीचवर फार झाला आहे. पीच म्हणजे आपल्या हिंदीवाल्यांचा आडू. त्याला फुलण्यासाठी ताण नको, थंडी हवी. हिवाळ्यात ठरावीक तास थंडी पडली की नाही, याचा ते झाड हिशेब ठेवतं आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय धड फुलत नाही. आमच्या खडकवासल्याच्या थंडीत तो पुरा व्हायचा नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात कमी थंडीत फुलणाऱ्या जाती संकरातून काढल्या, म्हणून आज लुधियानाच्या आसपास मैदानातही पीच पिकतो. लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या जातींचा संकर केला तर पोरं बहुतेक अधल्यामधल्या वेळी पिकतात, काही थोडी आधी, काही नंतर. पिकण्याच्या दिवसात चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जागेचा मोठा वाटा असल्याचं अलीकडे दिसलं आहे. उरलेला वाटा पुष्कळ जनुकांत विखुरलेला. खुद्द मेंडेलनं १८६६च्या निबंधात वाटाण्याबद्दल हेच नोंदवलं होतं. दाणा गोल की सुरकुतलेला, हे एका बाजूला पडतं. पण संकरित झाडाची फुलण्याची वेळ आईबापांच्या जवळजवळ मधोमध येते. शाळेत गोल नि सुरकुतलेले दाणे शिकवतात. ही वेळेची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

पीचची आणखी एक गोष्ट ऐकून मी चालता चालता थांबलो. जे पीच अतिशय लवकर पिकतात, त्यांचं फळ तयार होतं तेव्हा आतला गर्भ कच्चाच असतो. पेरलं तर उगवत नाही. म्हणून अशा झाडाला आई करायचं असेल तर प्रयोगशाळेत बाठ फोडून तो कच्चा गर्भ बाहेर काढतात आणि काचेच्या नळीत पोषक द्रव्यांवर वाढवतात. बाहेरून मधुर, आतून अपुरं. तरुणपणी वाहवा मिळालेले काही कवी मला आठवले. त्यांत मी स्वतःही होतो.

आता आमच्या झाडाचं. अब्बा २००९ साली गेले. त्यानंतर शेजारच्या गृहस्थांनी मला एका संशोधनाविषयी सांगितलं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत एस. एच. जालीकोप यांनी 'गणेश' आणि 'काबूल यलो' यांचा संकर केला. दोन्ही गोड. त्यांची पोरं आंबट निघाली, चांगली आंबट. दोघांकडे गोडव्यासाठी वेगवेगळी जनुकं असतील तर एकत्र आल्यावर ती एकमेकांची उणीव भरून काढतात आणि झाकलेला आंबटपणा वर येतो, असा काहीसा त्याचा अर्थ. आमच्या झाडाचा बाप कोण ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे इथंही तसंच झालं असेल असं मी छातीठोक सांगत नाही. पण साबणाच्या पाण्याचा दोष नव्हता, एवढं नक्की. हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझ्या बापाला कुणावर तरी रागवायचं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तरी झाड तोडू दिलं नाही त्यांनी. मी दोनदा म्हटलं होतं." हे मला माहीत नव्हतं. मी कायम समजत आलो होतो की झाड अम्मीनं वाचवलं, दाणे वाळवून चटणीत घालायची म्हणून.

गेल्या वर्षी घराची वाटणी झाली. मागचं अंगण थोरल्या भावाकडे गेलं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय, दोन खोल्या काढायच्या आहेत आणि झाड नेमकं पायात येतं. भांडण्यासारखं काही नव्हतं; त्याचंही बरोबर आहे. तो म्हणाला, "तुला बी हवं तर घेऊन ठेव." मी म्हटलं, बी नको. बी लावलं तर काय निघेल ते सांगता येत नाही. कदाचित गोडही निघेल. मला गोड नको होतं.

पावसाळा लागल्यावर मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्यांवर गुटी बांधल्या. साल गोल काढली, ओलं शेवाळ लावलं, वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं. हात शेजारच्या गृहस्थांचा, सूचना अम्मीच्या, खाटेवरून. दोन वाळल्या. दोघींना प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली. एक कुंडीत लावून माझ्या गॅलरीत ठेवली आहे. दुसरी भावानं मागून घेतली. नवीन खोल्यांपुढे हातभर जागा उरणार आहे म्हणे.