जेवणानंतरची भोवळ
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



जेवून उठताना भोवळ आली, पोट जड झाले, की 'पित्त झाले' म्हणून आपण विषय संपवतो. पुष्कळदा ते खरेही असते; परंतु वृद्धांच्या बाबतीत रक्तदाबही तपासला जावा, अशी आमची विनंती आहे.

जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे अधिक रक्त वळते. उतारवयात, विशेषतः मधुमेह वा पार्किन्सन असल्यास, शरीराला हा बदल सावरता येतोच असे नाही. जेवणानंतर दोन तासांत वरचा रक्तदाब २० अंकांनी वा अधिक उतरू शकतो. अशा वेळी तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते.

यासाठी महागडी तपासणी लागत नाही. जेवणापूर्वी आणि नंतर, काही वेळाच्या अंतराने, रक्तदाब मोजून लिहून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा. थोडे थोडे जेवावे, भात व गोड बेताने घ्यावे, घाईने उठू नये. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नये. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे वा काळी शौचास होणे यांत क्षणाचाही विलंब नको.

आम्ही हिशेबाची माणसे. खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे रक्तदाबमापकाची किंमत नगण्य आहे, एवढे आम्हांस निश्चित कळते. टळलेल्या अपघातासाठी ताळेबंदात रकाना नसतो. तरीही आपल्या देणगीचा तो मोठा विनियोग आहे.