अंगावरचा बिल्ला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु आजचा विषय जितका वैद्यकाचा तितकाच बिल्ल्याचा आहे, आणि बिल्ल्याशी आमचा परिचय तीस वर्षांचा आहे.

हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो, कामगाराच्या गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र असते. हे बिल्ले दुसऱ्याने दिलेले; आपण कोण, हे त्याला कळावे म्हणून. आज आम्ही ज्या बिल्ल्याविषयी बोलणार, तो माणूस स्वतःच्या जिवासाठी घालतो.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी तळोज्याच्या बाजूला आमची फाटकसभा चालू होती. एक जुना सभासद डुलत आला. जीभ जड झालेली, अंगाला घाम सुटलेला, बोलण्याचा मेळ नाही. भर दुपारी पिऊन आला, असे आम्ही समजलो आणि चारचौघांत त्याला बोलून सभेबाहेर काढले. थोड्या वेळाने तो रस्त्याकडेला बेशुद्ध सापडला. दवाखान्यात नेल्यावर कळले की त्याच्या रक्तातली साखर फार उतरली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि लोक हसतील म्हणून ती सर्वांपासून लपविली होती. दवाखान्यात ती गोष्ट सांगितली त्याच्या बायकोने. ती येईपर्यंत कोणाला काहीच ठाऊक नव्हते. तो वाचला. आम्ही त्याची क्षमा मागितली. पण एवढ्याने तो विषय आमच्या मनातून गेला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून आम्ही जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष होतात. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. वजन उतरते, पुष्कळांचा मधुमेहही आटोक्यात येतो. परंतु आतली रचना जन्मभराची बदललेली असते, आणि बाहेरून ते कोणाला दिसत नाही. भोके पाडून केलेल्या शस्त्रक्रियेचे व्रण इतके बारीक, की घाईत डॉक्टरांच्याही नजरेतून सुटावेत.

मग घोटाळा कोठे होतो? पाठ दुखते म्हणून शेजारचा कामगार आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देतो. बायपास झालेल्याच्या जोडावर तिने व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. बेशुद्ध रोग्याच्या नाकातून पोटात नळी घालण्याचा प्रसंग येतो. लहान पिशवीत ती अंदाजाने ढकलली तर इजा होण्याचा धोका असतो. पोटात कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर ते अजीर्ण समजले जाते. पण बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडे आतल्या आत अडकू शकते, आणि तेथे उशीर परवडत नाही. फार दिवस उलट्या झालेल्याला साखरेचे सलाईन लावण्याआधी ‘ब-१’ जीवनसत्त्व द्यावे लागते. हे सारे डॉक्टर जाणतात. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की समोरचा माणूस त्यांतला आहे.

श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांना भोवळ आली. साखर उतरल्यामुळे तसे झाले, असे त्यांनीच नंतर कळविले. त्या भोवळीचा संबंध शस्त्रक्रियेशी होता, असे आमचे म्हणणे नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. मंत्री पडतो तेव्हा तो कोण, हे सभामंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि डॉक्टर धावून येतात. पनवेलच्या एस. टी. स्थानकावर पडलेल्या माणसाला कोण ओळखतो? त्याच्या वतीने बोलणारे काहीतरी त्याच्या अंगावरच असले पाहिजे.

ही कल्पना निघाली तीही अशाच एका संकटातून. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातल्या टर्लॉक गावी मॅरियन कॉलिन्स नावाचे डॉक्टर होते. १९५३ साली त्यांची मुलगी लिंडा हिला धनुर्वाताचे प्रतिविष सोसते की नाही, हे पाहण्यापुरती मात्रा दिली, आणि तेवढ्यानेच ती मरणाच्या दारी गेली. पुढे आईबापांनी तिच्या मनगटासाठी तशी सूचना कोरलेले कडे करून घेतले, आणि १९५६ साली इतरांसाठीही संस्था काढली.

कड्यावर किंवा पदकावर काय लिहावे? नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि साल, कोणती औषधे वर्ज्य, ‘नाकातून नळी अंदाजाने घालू नये’ ही सूचना, आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी. नेमका मजकूर आपल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही असावे. उचलणारा रिक्षावाला असेल, तपासणारा परप्रांतीय डॉक्टर असेल. भ्रमणध्वनीत माहिती भरता येते, तीही अवश्य भरा. पण अपघातात फुटते ते आधी तेच यंत्र.

कामगार बंधूंना एक इशारा. फिरत्या यंत्रापाशी हातात सैल कडे घालू नका; १९४८ चा कारखाने अधिनियम अशा ठिकाणी घट्ट कपड्यांचा आग्रह उगाच धरीत नव्हता. विजेचे वा जोडकामाचे काम करणाऱ्यांनीही अंगावर धातू ठेवू नये. त्यांनी खिशात पत्र ठेवावे आणि सोबत्याला सांगून ठेवावे.

राहता राहिली लाज. गळ्यात ताईत बांधायला आपण लाजत नाही. मग दुखण्याची खरी हकिगत लिहिलेले पदक बांधायला का लाजावे? तो कामगार लपवीत होता, कारण आम्ही हसणारे होतो. जाड माणसाला हसायचे, त्याने उपचार केले तर ‘श्रीमंती चोचले’ म्हणून पुन्हा हसायचे! ही आपली सवय सुटल्याखेरीज बिल्ले पेटीतच पडून राहतील.

आपल्या गावाजवळून पुण्याचा द्रुतगती मार्ग जातो, गोव्याचा महामार्ग येथूनच निघतो. वाटेत पडलेली माणसे आपल्याला नवी नाहीत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. तेव्हा कोणी डुलताना दिसला, तर ‘प्यायला आहे’ असे म्हणण्याआधी त्याचे मनगट पाहा, गळा पाहा, खिसा पाहा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला कळवा.

आम्ही त्या दिवशी एवढेही केले नाही. आपण कराल, या भरवशावर आपली रजा घेतो.