हेल्मेटची काच आणि परतीचा पाऊस

(तालुक्याच्या बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, विम्यावर बोलून झाले. आता आम्ही जो विषय घेतो आहोत तो ऐकून मागच्या रांगेतली पोरे हसणार हे आम्हाला ठाऊक आहे. विषय आहे हेल्मेटची काच. भर पावसात ती साफ कशी राहील, एवढाच.

हसून झाले असेल तर एक विचारतो. बाहेर गाड्या लावल्या आहेत, त्यांतल्या किती गाड्यांच्या आरशाला हेल्मेट लटकवलेले आहे आणि येताना ते किती जणांच्या डोक्यावर होते? हेल्मेट आहे, पैसे देऊन घेतलेले आहे, पण थेंब पडायला लागले की ते डोक्यावरून उतरते आणि आरशाला जाते. म्हणजे रस्ता निसरडा झाला, समोरचे दिसेनासे झाले, घसरण्याची भीती सगळ्यात जास्त झाली, नेमक्या त्याच वेळेला डोके उघडे.

यावर शहाणी माणसे म्हणतात, शेतकरी अडाणी, त्याला जिवाची पर्वा नाही. आमचे म्हणणे तसे नाही. शेतकरी जे करतो त्याला बहुतेक वेळा कारण असते आणि ते कारण कुणी विचारत नाही. पावसात हेल्मेट काढण्याचे कारण अगदी सरळ आहे. त्यातून दिसत नाही. आतून वाफ धरते, बाहेरून थेंब साचतात, समोरून ट्रकचा दिवा आला की सगळी काच पेटल्यासारखी होते. आंधळे होऊन चालवण्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी चालवावे, असा हिशेब माणूस करतो. हिशेब चुकीचा नाही. काच साफ ठेवता येते, एवढी एक गोष्ट त्या हिशेबात धरलेली नाही, कारण ती कुणी सांगितलेलीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सक्ती आहे, मागे बसणाऱ्यालासुद्धा आहे. दंडाची पावती फाडणारे भेटतात. काचेला काय करायचे ते सांगणारा भेटत नाही.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. तिकडे अकोल्यात घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळतो. इकडे शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेड या बाजूला वर्षाला पाचसहाशे मिलिमीटरवर समाधान मानायचे. पण जो येतो तो उत्तरा-हस्तात, सप्टेंबरात, आणि बहुतेक संध्याकाळी. दिवसभर उकाडा, चारला आभाळ भरून येते, सहाला सुरू. नेमकी तीच आपली घरी परतायची वेळ. नगरहून पाथर्डीकडे निघालेला माणूस करंजी घाटात आणि घोडेगावकडे निघालेला इमामपूर घाटात त्या पावसाला सापडतो. कोकणातल्या माणसाला चार महिने पावसाची सवय असते, त्याची तयारी असते. आपल्याकडे वर्षातून पंधरा-वीस दिवस असे येतात, म्हणून तयारी कुणीच करत नाही.

आता हिशेब मांडू. ताशी ४० किलोमीटरने गाडी चालली तर सेकंदाला ११ मीटर जाते. समोर उसाची ट्रॉली उभी आहे, मागे दिवा नाही, आणि धूसर काचेतून ती ३० मीटरवर आल्यावर दिसली. म्हणजे हातात तीन सेकंदसुद्धा नाहीत. ध्यानात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद गेला, आणि ओल्या डांबरावर गाडी थांबायला पुढे आणखी बारा-पंधरा मीटर लागतात. जमले तर अगदी ट्रॉलीच्या तोंडाशी जमले. काच साफ असती आणि तीच ट्रॉली ६० मीटरवर दिसली असती, तर घाईने ब्रेक दाबायचेही कारण नव्हते.

आणि डोके उघडे असेल तर काय होते? १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स नावाचा नामांकित लष्करी माणूस मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या माराने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे डॉक्टर होते. त्यांनी पुढे अशाच मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने लिहिले. तेव्हापासून देशोदेशी जे पाहणे झाले ते सगळे एकत्र मांडल्यावर आकडा असा निघतो की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे फुकटचे औषध नाही, पण कुठल्याही फवारणीपेक्षा खात्रीचे आहे.

असो. काचेकडे येऊ. म्हणायला काच, पण ती काच नव्हे. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. दगड लागला तर सहसा फुटत नाही, पण ओरखडा लवकर पडतो. तिच्यावर दोन बाजूंनी दोन वेगळी संकटे येतात आणि दोघांना औषध उलटे आहे. इथेच लोकांचा घोळ होतो.

आतली बाजू आधी घेऊ. आपण सोडतो तो श्वास गरम आणि ओलाव्याने भरलेला असतो. ३४ अंशाच्या ओल्या हवेत घनमीटरला सुमारे ३७ ग्रॅम पाणी मावते. पावसाने गार झालेली काच २२ अंशांवर असेल तर तिला टेकलेल्या हवेत १९-२० ग्रॅमच मावते. उरलेले पाणी जाईल कुठे? काचेवरच बसते. मार्गशीर्षात पहाटे ज्वारीच्या पानावर दहिवर पडते, गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तीच गोष्ट. पाणी तिथे पत्र्यासारखे सपाट बसले असते तर आरपार दिसले असते. ते बसते बारीक बारीक थेंबांनी, आणि प्रत्येक थेंब उजेड वाकडा करतो. म्हणून काच पांढरी दिसते.

आता हे तुम्हाला वेगळे शिकवायची गरज नाही. फवारणी करताना पंपात स्टिकर का घालता? कोबीच्या पानावर नुसते पाणी मारले तर त्याचे मोती होतात आणि घरंगळून खाली जातात. स्टिकर घातला, किंवा गरिबीत धुण्याची पावडर घातली, की तेच पाणी पानभर पसरते. काचेच्या आतल्या बाजूला आपल्याला हेच करायचे आहे. शाम्पूचा किंवा भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब, एकच, कोरड्या स्वच्छ काचेवर आतून बोटाने सगळीकडे पातळ पसरायचा. वाळू द्यायचा. मग मऊ कोरड्या कापडाने काच पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत हलके पुसायचे. डोळ्याला दिसणार नाही असा साबणाचा पापुद्रा मागे राहतो आणि वाफ आली तर ती सपाट पसरते. एक-दोन फेऱ्यांत याचा गुण जातो, पुन्हा लावायचे. थेंब जास्त झाला तर पावसात ओघळून डोळ्यांत झोंबेल, म्हणून एकच. आणि कुणी हुशारी करून फवारणीचा स्टिकरच लावू नका. तोंडापासून दोन बोटांवर ती वस्तू असते आणि सगळा श्वास तिच्यावरून जातो. फवारणीच्या वेळचे फडकेही वापरू नका.

साबणाइतकीच महत्त्वाची आहे हवा. काच पहिल्या खाचेवर, बोटभर उघडी ठेवली तर गाडीच्या वेगाने आत वारा फिरतो आणि वाफ निघून जाते. हनुवटीजवळ झडप असेल तर ती उघडा, पुष्कळांना ती आहे हेच माहीत नसते. आणि आपली सवय अशी की गार वारा लागला की उपरणे नाकावरून करकचून बांधायचे. मग श्वासाला वाट उरते फक्त वर, सरळ काचेकडे. चष्मा असेल तर तोही गेला. उपरणे गळ्याला गुंडाळा, नाक मोकळे ठेवा. ओले हेल्मेट दुसऱ्या दिवशी तसेच घातले तर अस्तरातला ओलावाही काचेवर येतो. घरी गेल्यावर ते उलटे करून सावलीत, वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ नको.

बाहेरच्या बाजूला मात्र पाणी पसरायला नको, पळायला हवे. अळूच्या पानावर थेंब जसा ठरत नाही तसा. काच स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर ते बरेचसे आपोआप होते. मान जराशी डावी-उजवीकडे वळवली की वारा थेंबांना बाजूला ढकलतो. वीस-तीसच्या वेगाला मात्र वारा कमी पडतो. तिथे डाव्या हाताच्या तर्जनीने आडवे पुसायचे, तेही सरळ रस्त्यावर, क्लचवरून हात काढणे शक्य असेल तेव्हा. उजवा हात मुठीवरच. मोजक्या हातमोज्यांना डाव्या बोटावर रबराची पट्टी असते. नसेल तर सुती फडक्याची पट्टी मनगटाला गुंडाळा. टेरीकॉटचा रुमाल पाणी पीत नाही, नुसते फासतो. कापूस आपण पिकवायचा आणि खिशात रुमाल टेरीकॉटचा, हाही एक नमुनाच.

जुने ट्रकड्रायव्हर समोरच्या काचेवर तंबाखू चोळत, कुणी कापलेला बटाटा चोळत. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, पण ती खरी काच होती, कठीण. आपल्या प्लास्टिकवर तंबाखूतली कचर ओरखडे पाडते आणि बटाटा वाळला की पांढुरका थर धरतो. खोबरेल लावले तर रात्री प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते. दात घासायच्या पेस्टने ओरखडे जातात असे सांगणारे आहेत, पेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, ती नवे ओरखडे देते. मोटारीच्या काचेवरून पाणी पळवायच्या ज्या बाटल्या मिळतात त्यांतल्या पुष्कळांत स्पिरिट किंवा तसलेच काही असते. प्लास्टिकला चालते असे बाटलीवर लिहिलेले नसेल तर घेऊ नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर. डांबराचा ठिपका काढायला लोक गाडीतलेच दोन थेंब पेट्रोल घेतात. ठिपका जातो. पण या प्लास्टिकला आतून बारीक भेगा पडू लागतात, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. त्या पहिल्या दिवशी दिसत नाहीत. रात्री समोरून गाडी आली की दिसतात.

ओरखड्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्या रस्त्यांवर धूळ फार. पहिला पाऊस आला की त्या धुळीचा चिखल काचेवर उडतो आणि आपण बाहीने खसकन पुसतो. ती धूळ म्हणजे बारीक वाळू. तसे दहा वेळा पुसले की काच कायमची गेली. म्हणून कोरडी काच कधीही पुसायची नाही. ओले सुती फडके काचेवर दहा मिनिटे नुसते पसरून ठेवायचे. चिखल, किडे सगळे भिजून सुटते. मग पाणी ओतायचे, साबणाच्या बोटांनी हलके धुवायचे, पुन्हा पाणी. जुने विटके धोतर किंवा लुगड्याचा तुकडा पुसायला उत्तम, आणि तो डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा राहायला हवा.

काच गेली असेल तर तेवढी बदलून मिळते, आख्खे हेल्मेट टाकावे लागत नाही. घेताना पांढरी घ्या. पोरांना काळी, आरशासारखी चकाकणारी आवडते, ती दिवेलागणीनंतर डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी आहे. दुहेरी काचेची हेल्मेटेही निघाली आहेत. दोन पापुद्र्यांमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे आतला पापुद्रा गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. चांगली आहेत, महाग आहेत, ज्याला परवडेल त्याने घ्यावीत. हेल्मेटवर आयएसआयची खूण मात्र बघाच. १ जून २०२१ पासून ती नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले असतात. तसल्या हेल्मेटची काच पहिल्या दिवसापासूनच लाटा मारते.

आणि एवढे सगळे करूनही दिसत नसेल तर? तर थांबायचे. रस्त्याच्या कडेला दिवा लावून उभे राहायचे नाही, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. झाडाखालीही नाही, विजा असतात. एसटीची शेड, शाळेचा व्हरांडा, धाबा, जे पहिले सापडेल तिथे. हस्ताची सर बहुतेक अर्ध्या तासात ओसरते. घरच्यांना फोन करा, सांगा उशीर होतो म्हणून.

एक सूचना आमच्या स्वतःच्याच मंडळींना. आपल्या बैठका चारला बोलावतात, साडेपाचला सुरू होतात आणि रात्री नऊला संपतात. माणसे तीस-चाळीस किलोमीटरवरून आलेली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात बैठक सकाळी अकराला घ्यावी आणि चारच्या आत उठावी, असे आम्ही सुचवतो. भाषणे छोटी झाली तरी चालतील, आमचेसुद्धा.

बाहेर नळाशी दोन बादल्या पाणी, सुती फडकी आणि शाम्पूच्या पुड्या ठेवल्या आहेत. चहा घेऊन झाला की आपापले हेल्मेट आरशावरून काढून तिकडे या. ज्यांना घाटातून जायचे आहे त्यांची हेल्मेटे आधी घेऊ.