सही कोणाची?

(सांगवी येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण रेशनवर बोललो, दारूवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं यावर बोललो. मला बोलायचंय ते आपल्या दुखण्याबद्दल, आणि त्यातही बाळंतपणाबद्दल नव्हे. बाळंतपणं आटोपली, पाळी थांबली, की बाईच्या शरीराची कुणी चौकशी करत नाही. तीही करत नाही. आपण दुखणं अंगावर काढतो आणि त्याला सोसणं म्हणून शाबासकी मिळवतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरून जाण्यापासून गाठीपर्यंत कसलं ना कसलं स्त्रियांचं दुखणं होतं. त्याआधी त्यासाठी तपासणी झाली होती फक्त आठजणींची. दुखणं घरोघर होतं, पण ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता आपल्याच गावातली एक हकिगत सांगते. माझ्या मैत्रिणीनं सांगायला परवानगी दिली आहे, नाव मात्र घेत नाही. गेल्या कोजागिरीला आम्ही गटातल्या बाराजणी एकीच्या मळ्यात जमलो होतो. चुलीवर दूध आटत होतं, फुगड्या चालल्या होत्या. ही बावन्न वर्षांची, दोन गाई सांभाळणारी, कामाला वाघीण. फुगडी सोडून ती एकदम खाली बसली. म्हणाली, "काय नाय, पित्त झालंय." हवेत गारवा होता आणि हिच्या अंगाला दरदरून घाम. जबडा दुखत होता, पाठीत मध्येच कळ येत होती. कुणी लिंबू-सोडा आणला, कुणी पाठ चोळली, कुणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

दवाखान्याचं नाव निघालं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मालकांना विचारलं का?" मालक परगावी लग्नाला, फोन लागेना. मुलगा पुण्याला. तोवर हिचंच सुरू झालं, "पहाटं धार कोण काढंल? माझ्याकडं पैसं न्हाईत. लोक म्हणतील, रातीची भाईर गेली म्हणून झालं." गटातली एक सून आशा कार्यकर्ती आहे. तिनं कुणालाच न विचारता १०८ ला फोन लावला. दोघी बॅटरी घेऊन कॅनॉलच्या पुलावर उभ्या राहिल्या, कारण उसातून मळ्याची वाट बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

बारामतीच्या एका दवाखान्यात ईसीजी निघाला. हृदयविकाराचा झटका होता. आणि तिथं काउंटरवर विचारलं गेलं, "सोबत पुरुष माणूस कोण आहे? सही कोण करणार?" ती पूर्ण शुद्धीवर होती. आमची आशा म्हणाली, "पेशंट सही करंल. तिला लिहिता येतं." तिनं सही केली, गुठळी विरघळवण्याचं औषध वेळेत मिळालं. आज ती बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

मैत्रिणींनो, कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जीव धोक्यात असलेल्या माणसावर उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, दवाखाना सरकारी असो की खाजगी. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्याचा निकाल लागला. त्या तपासणीसाठी गेल्या होत्या. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि भानावर येऊ शकणाऱ्या बाईसाठी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. बेशुद्ध माणसाचा जीव वाचवायचा असेल, तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. म्हणजे शुद्धीवरच्या बाईच्या उपचाराला नवऱ्याची, मुलाची, दिराची सही लागत नाही.

पण कायदा दवाखान्याच्या दारात उपयोगी पडतो. त्याआधीचा वेळ आपण घरात घालवतो. हृदयाच्या झटक्यात जितका उशीर, तितका हृदयाचा स्नायू मरतो. हा पुरुषांचा रोग असं आपण धरून चालतो. पाळी थांबल्यावर बायकांनाही धोका वाढतो, आणि बाईच्या बाबतीत छातीत दुखण्याबरोबर, कधी त्याऐवजीही, दम लागणं, मळमळ, थंड घाम, जबड्यात, पाठीत, खांद्यात कळ अशी लक्षणं दिसतात. प्रत्येक पित्त म्हणजे झटका नव्हे. पण ही लक्षणं एकदम आली, तर ईसीजी काढल्याशिवाय त्याला पित्त म्हणायचं नाही.

म्हणून प्रत्येक गटानं एवढं ठरवावं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून घ्यावी. बचतीतली थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला ठेवावी, तीही हाताशी, कारण रात्री बँक उघडी नसते. कुणाची धार कोण काढेल, कुणाची पोरं कोण बघेल, हे आधीच वाटून घ्यावं. १०८ हा नंबर आणि आपल्या वस्तीची खूण प्रत्येकीला पाठ असावी. घरच्यांना जरूर कळवावं, पण गाडी बोलावल्यानंतर. आणि जिला सही येत नाही तिला या महिन्यात सही शिकवावी.