कथालेखकाची उमेदवारी

लघुकथा लिहूं पाहणाऱ्या तरुणाच्या तोंडीं बहुधा दोन तक्रारी असतात. पहिली अशी कीं, नव्या लेखकाला कोणी संधि देत नाहीं. आणि दुसरी अशी कीं, पोटापाण्याच्या व्यवसायांतून लेखनाला स्वस्थता मिळत नाहीं. दोन्ही तक्रारींत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु ज्याच्या नांवावांचून जगांतील लघुकथेचा इतिहास लिहितांच यावयाचा नाहीं, त्या अन्तोन चेकॉव्हच्या उमेदवारीचीं पहिलीं आठ वर्षें डोळ्यांपुढें आणलीं, म्हणजे या तक्रारींचें स्वरूप पुष्कळच पालटतें. संधि म्हणून त्याच्या वांट्याला जें आलें तें अगदीं क्षुल्लक होतें. आणि स्वस्थता तर त्याला मुळींच नव्हती. त्या क्षुल्लक संधींतून त्यानें काय मिळविलें, आणि तींतच काय गमावण्याची पाळी त्याच्यावर आली होती, या दोन्ही गोष्टी पाहण्याजोग्या आहेत.

चेकॉव्हचा जन्म १८६० सालीं दक्षिण रशियांतील तागानरोग या बंदराच्या गांवीं झाला. बापाचें किराणा मालाचें दुकान होतें. तें १८७६ सालीं बुडालें, आणि देणेकऱ्यांच्या भीतीनें बाप मॉस्कोला निघून गेला. अन्तोन शिकवण्या करून मागें राहिला, त्यानें शाळेचें शिक्षण पुरें केलें, आणि १८७९ सालीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं तो मॉस्कोस आला. तेथें त्याचें कुटुंब दारिद्र्यांत दिवस काढीत होतें. त्या काळीं मॉस्को व पीटर्सबर्ग येथें निघणाऱ्या विनोदी साप्ताहिकांतून लहानसहान मजकुराला ओळीच्या हिशेबानें पैसे मिळत. वाङ्मयसेवेच्या थोर आकांक्षेनें नव्हे, तर घरांत चार पैसे यावेत म्हणून या विद्यार्थ्यानें लेखणी हातीं धरली.

‘स्त्रेकोझा’, म्हणजे पाण्याकांठीं भिरभिरणारा चतुर, या नांवाच्या पीटर्सबर्गच्या एका साप्ताहिकाकडे त्यानें आपला मजकूर धाडला. संपादकांनीं पत्रव्यवहाराच्या सदरांतूनच स्वीकाराचा निरोप दिला, आणि मार्च १८८० मध्यें एका खेडवळ जमीनदारानें आपल्या विद्वान शेजाऱ्यास लिहिलेलें एक विनोदी पत्र छापून आलें. मोबदला ओळीला पांच कोपेक. शंभर कोपेकांचा एक रुबल होतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या कमाईची कल्पना येईल. पुढें त्याच वर्षीं त्याच सदरांतून नकारहि आले, आणि ते कांहीं सौम्य शब्दांत नव्हते. हा लेखक फुलण्यापूर्वींच सुकत चालला आहे, असा शेरा त्याला उघड छापलेला वाचावा लागला. चेकॉव्हनें त्या साप्ताहिकाकडे मजकूर पाठविणें सोडलें. लिहिणें मात्र सोडलें नाहीं. मॉस्कोंतील दुसऱ्या पत्रांचे दरवाजे त्यानें ठोठावले. कोणत्या पत्राला किती लांबीचा मजकूर लागतो, त्याच्या वाचकांना कशाचें हसूं येतें, याची माहिती तो करून घेत गेला. नकार हा त्या एका दरवाजापुरता असतो, हें जो समजतो त्याला दुसरा दरवाजा दिसतो.

असा दुसरा दरवाजा १८८२ च्या अखेरीस उघडला. निकोलाय लेइकिन नांवाचे संपादक पीटर्सबर्गहून ‘ओस्कोल्की’, म्हणजे ‘तुकडे’, या नांवाचें साप्ताहिक चालवीत असत. ते ओळीला आठ कोपेक देत; पण मजकूर शंभर ओळींच्या वर जातां कामा नये, अशी त्यांची सक्त ताकीद असे. म्हणजे गोष्ट कितीहि साधली तरी मिळकत आठ रुबलांपलीकडे जावयाची नाहीं. या अटीखालीं चेकॉव्हनें सुमारें पांच वर्षांत अडीचशेंहून अधिक लहानमोठे लेख त्या पत्राला दिले. अट जाचक होती, आणि तिच्याविषयीं त्यानें कुरकुरहि केली. परंतु याच अटीनें त्याला त्याची कला शिकविली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१८८३ सालीं त्या पत्रांत आलेली एका कारकुनाच्या मृत्यूची गोष्ट घ्यावी. नाटकगृहांत बसलेल्या एका कारकुनाला शिंक येते, आणि पुढच्या रांगेंत बसलेल्या बड्या अंमलदाराच्या डोक्यावर तिचे तुषार उडतात. कारकून क्षमा मागतो. अंमलदार म्हणतो, कांहीं हरकत नाहीं. कारकुनाचें समाधान होत नाहीं. तो मध्यंतरांत पुन्हां क्षमा मागतो, दुसरे दिवशीं कचेरींत जाऊन मागतो, तिसऱ्यांदां मागतो. शेवटीं त्रासलेला अंमलदार त्याच्यावर ओरडतो, आणि तो बिचारा घरीं येऊन अंगावरचा सरकारी पोशाखहि न उतरतां कोचावर पडतो व मरतो. एवढीच गोष्ट. कारकुनाचें घराणें, त्याचें बालपण, त्या शहरांतील हिंवाळा, यांपैकीं कशालाहि तेथें जागा नाहीं. आरंभ होतो तो थेट नाटकगृहांत. माणसाचा स्वभाव कळतो तो त्याच्या क्षमायाचनेवरून. आणि वाचक हसत असतांनाच एका सबंध समाजाची भीति त्याच्या मनांत शिरते. शंभर ओळींच्या भिंतींनीं कोंडल्याशिवाय ही काटकसर तरुण लेखकाच्या हातीं क्वचितच येते.

दुसरी शाळा होती ती घराची. १८८३ च्या उन्हाळ्यांत लेइकिनना लिहिलेल्या एका पत्रांत चेकॉव्हनें आपल्या लेखनाच्या जागेचें वर्णन केलें आहे. समोर वैद्यकाचें काम पडलेलें. शेजारच्या खोलींत पाहुण्यांचें मूल रडतें आहे. दुसऱ्या खोलींत वडील आईला मोठ्यानें गोष्ट वाचून दाखवीत आहेत. आणि कोणीतरी वाद्याची पेटी सुरू केली आहे. अशा गोंगाटांत त्याला ठराविक दिवशीं मजकूर टपालांत टाकावयाचा असे. १८८४ सालीं तो डॉक्टर झाल्यावर त्यांत रोग्यांची भर पडली. स्फूर्तीची वाट पाहात बसण्याची चैन त्याला परवडण्यासारखी नव्हती. वेळ झाली कीं बसावयाचें, आणि हातांत असलेलें काम तडीस न्यावयाचें, ही संवय त्याच्या अंगीं मुरली ती अशी.

परंतु चांगल्या संवयीच्याच पोटांत वाईट संवय वाढूं शकते. १८८५ या एका वर्षांत त्यानें शंभरांहून अधिक लहानमोठे लेख छापले. त्यांत पुष्कळसें केवळ रकाने भरणारें होतें. खालीं ‘अन्तोशा चेखोन्ते’ असें थट्टेचें टोपणनांव असे. खरें नांव तो वैद्यकांतील लेखनासाठीं राखून ठेवणार होता. म्हणजे स्वतःच्या कथांना तो स्वतःच फारशी किंमत देत नव्हता. त्याच वर्षीं पीटर्सबर्गच्या एका दैनिकांत त्याला लेखनाची जागा मिळाली. तेथें शंभर ओळींचा काच नव्हता, आणि हंसविण्याची सक्तीहि नव्हती. जुलै महिन्यांत तेथें त्याची ‘शिकारी’ ही गोष्ट आली. रानवाटेवर योगायोगानें भेटलेलीं नवरा-बायको चार शब्द बोलतात आणि पुन्हां दुरावतात, एवढाच तिचा विषय. दैनिकांतील गोष्ट, दुसरे दिवशीं त्या कागदाची रद्दी व्हावयाची. पण ती एका जाणत्या वाचकाच्या नजरेस पडली.

ते वाचक म्हणजे त्या पिढीचे वडीलधारे कादंबरीकार ग्रिगोरोविच. २५ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं या अपरिचित तरुणाला आपण होऊन पत्र लिहिलें. तुमच्या अंगीं खरा गुण आहे. त्याचा मान राखा. घाईचें लेखन सोडा, प्रसंगीं उपाशी राहा, पण मनांत सांठलेलें सावकाश पिकूं द्या, असा त्या पत्राचा आशय होता. चेकॉव्हनें तीन दिवसांनीं उत्तर दिलें, तें फार प्रांजळ आहे. चोवीस तासांपेक्षां अधिक वेळ घेतलेली आपली एकहि गोष्ट आपल्याला आठवत नाहीं, असें त्यानें कबूल केलें. आगीच्या बातम्या लिहाव्यात तशा यांत्रिक रीतीनें आपण गोष्टी लिहीत आलों, असेंहि तो म्हणतो. पण त्या पत्रांतील सर्वांत बोलकी कबुली निराळीच आहे. जीं चित्रें आणि जे प्रसंग आपल्याला मनापासून प्रिय होते, ते या घाईच्या गोष्टींत खर्च होऊं नयेत म्हणून आपण ते जपून लपवून ठेवले, असें त्यानें सांगितलें.

या कबुलींतच त्याच्या उमेदवारीचें सारें मर्म आहे. खालच्या प्रतीच्या कामांत दिवस घालवीत असतांहि उत्तम काय आहे याची त्याला जाणीव होती, आणि तें त्यानें विकलें नव्हतें. पण लपविलेलें धन वेळीं बाहेर काढलें नाहीं तर तें मालकाच्या उपयोगीं पडत नाहीं. ग्रिगोरोविचांच्या पत्रानें तें बाहेर काढण्याची वेळ आली. फेब्रुवारी १८८६ मध्येंच सुवोरिन यांच्या ‘नोव्होये व्रेम्या’ या बड्या दैनिकांत त्याची कथा प्रथमच खऱ्या नांवानें आली होती. आतां हात आंवरावयाचा होता. कुटुंब पोसण्याचा भार त्याच्यावर होता, म्हणून एका दिवसांत तें घडणें शक्य नव्हतें. १८८६ सालींहि त्याचे शंभरांवर लेख आले. पुढल्या वर्षीं ते साठांच्या घरांत उतरले. आणि १८८८ सालीं अवघे डझनभर राहिले. त्या डझनांतच ‘स्तेप’, म्हणजे माळरान, ही दीर्घ कथा होती. लहानपणीं पाहिलेलें गवताळ रान, गाड्यांचे तांडे, वादळाची रात्र, असें जपून ठेवलेलें पुष्कळ कांहीं त्यानें तींत मुक्त हस्तें खर्च केलें. त्याच वर्षीं त्याच्या कथासंग्रहाला पुश्किन पारितोषिकाचे पांचशें रुबल मिळाले.

उमेदवारी संपली तरी संवयी सुटल्या नाहींत. त्या अधिक कठोर झाल्या. १८९१ पासून त्यानें टिपणवही ठेवली. ऐकलेलें एखादें वाक्य, पाहिलेला एखादा चेहरा, सुचलेलें कथाबीज तींत तो टिपून ठेवी. गोष्ट लिहून झाल्यावर तिचा आरंभ आणि शेवट छाटून टाकावा, कारण लेखक खोटें बोलतो तें बहुधा तेथेंच, असें तो म्हणे, अशी आठवण कथाकार बुनिन यांनीं नोंदविली आहे. १८९९ सालीं समग्र ग्रंथांचा करार झाला तेव्हां जुन्या साप्ताहिकांतील गोष्टी गोळा करून त्यानें कित्येक नव्यानें सुधारल्या, आणि कित्येक कायमच्या वगळल्या.

मराठी लघुकथाहि नियतकालिकांच्याच अंगणांत वाढली. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें, आणि आपल्या लहान कथांना ‘स्फुट गोष्टी’ हें साधेंच नांव दिलें. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं ‘मनोरंजन’ सुरू केलें, आणि १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली ती आजहि चालू आहे. दरसाल निघणारे ते अंक नव्या कथालेखकाला उघडे असलेले दरवाजेच होत. मात्र ज्या अंकाकडे कथा पाठवावयाची तो आधीं वाचलेला असावा. त्याच्या पानांची मर्यादा गुरूसारखी मानावी. आणि कथा टपालांत पडली कीं उत्तराची वाट न पाहतां दुसरी हातीं घ्यावी.

एवढें करणाऱ्यालाहि ग्रिगोरोविचांसारखा वाचक भेटेलच, असें आश्वासन कोणी देऊं शकत नाहीं. पण तसें पत्र चेकॉव्हला आलें तें त्यानें आधीं ‘शिकारी’ लिहिली होती म्हणून. आणि तें पत्र कारणीं लागलें तें त्याच्यापाशीं जपून ठेवलेलें कांहीं शिल्लक होतें म्हणून.