मूत्रपरीक्षा आणि जीवनसत्त्वे

ब जीवनसत्त्वांची गोळी घेतली की काही तासांत लघवी गडद पिवळी होते. ते पाहून कुणाला गोळी लागू पडल्याचे समाधान वाटते, तर कुणाला पैसे वाहून गेल्याची खंत. वस्तुतः तो रंग रायबोफ्लेविनचा. शरीराला ठेवून घेता आले नाही तेवढे मूत्रपिंडांनी बाहेर टाकले, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची मूत्रपरीक्षा याच व्यवहारावर उभी आहे. तुटवडा पडला की शरीर हात आखडते आणि लघवीतील प्रमाण घटते.

केंब्रिजच्या लेस्ली हॅरिस यांनी १९३५ च्या सुमारास क जीवनसत्त्वाची परीक्षा याच तत्त्वावर मांडली. मोठी मात्रा रोज द्यावयाची आणि लघवीत ते केव्हा वाढते ते पाहावयाचे. ज्याचे कोठार भरलेले, त्याच्या लघवीत ते एक-दोन दिवसांतच उतरते. रिते शरीर कित्येक दिवस सारे गिळून बसते. निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात क जीवनसत्त्व अधिक वेगाने खर्ची पडते. पेरू आणि आवळा त्याच्या आहारात इतरांहून अधिक हवा.

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेस खानापूरकडे भात पिकतो, पूर्वेस अथणीकडे जोंधळा. फार सडलेल्या तांदळातील थायमिन कोंड्याबरोबर जाते. चोवीस तासांच्या लघवीत ते १०० मायक्रोग्रॅमहून कमी भरले, तर आहारात उणीव असल्याचे समजावे. जोंधळ्याची गोष्ट निराळी. केवळ त्याच्यावरच गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळला. हैदराबादचे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये जोंधळ्यातील ल्युसिनकडे बोट दाखविले. त्यावर पुढे मतभेद झाले. नायासिनची उणीव मात्र निर्विवाद. उन्हात राबणाऱ्याची मान नि हात काळवंडले की 'रापला' म्हणून सोडून देतात. त्याच्या जोडीला जिभेची आग आणि जुलाब असतील, तर ते रापणे नव्हे. अशा वेळी नायासिनपासून बनणारे मेथिलनिकोटिनामाइड लघवीत कमी भरते. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे आणि दूध मिळाले, तर ही पाळी सहसा येत नाही.

एकाच वेळच्या नमुन्यावर मात्र विसंबू नये. घाम गाळणाऱ्याची लघवी दाट, भरपूर पाणी प्यालेल्याची पातळ. म्हणून चोवीस तासांची लघवी जमवतात, किंवा क्रिएटिनिनच्या प्रमाणात हिशेब करतात. ब-१२ ची तऱ्हा तर उलटी. ते कमी पडले की मेथिलमॅलोनिक आम्ल लघवीत वाढते. अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी रक्तच तपासावे लागते.

गावोगावी एक समज आढळतो. लघवी तपासली, काही निघाले नाही, म्हणजे अंगात कसली उणीव नाही. नेहमीच्या तपासणीत साखर, प्रथिने, पू इतकेच पाहतात. जीवनसत्त्वे त्यात मोजलीच जात नाहीत. जिभेची आग किंवा पायांच्या मुंग्या थांबत नसतील, तर तो कागद घडी घालून ठेवण्याऐवजी रुग्णाने डॉक्टरांना रोजच्या जेवणात काय असते ते सांगावे.