पोटातली आग आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की आम्ही थोडा वेळ आरोग्यावर बोलतो. आज बोलू अल्सरवर, म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणाऱ्या जखमेवर.

छातीखाली जळजळलं की आपण म्हणतो, पित्त झालं, तिखट खाल्लं. दुकानातली गोळी घेतो, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण जखमेची मुख्य कारणं दोन: अंगदुखीवर नेहमी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी शोधला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच प्यायलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

जंतू आहे की नाही, हे शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत किंवा दुर्बिणीने कळतं. ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीत जंतू लपू शकतो. म्हणून त्या किती दिवस आधी बंद करायच्या, ते डॉक्टरांना विचारा.

उपचारात ॲसिड कमी करणारं औषध आणि त्यासोबत दोन किंवा जास्त जंतुनाशक औषधं असतात, बहुतेक वेळा चौदा दिवस. खरी अडचण इथेच येते. चार दिवसांत आग थांबते, तोंड कडू होतं, मळमळतं, मग गोळ्या डब्यात पडून राहतात. आमच्या गटातल्या एका ताईंनी सहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांत दुखणं परतलं, ऐन खुरपणीत मजुरी बुडाली आणि औषधं बदलून उपचार पहिल्यापासून करावा लागला. अर्धवट औषधाने उरलेले जंतू चिवट होतात, मग तीच गोळी त्यांना लागू पडत नाही.

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली आहे. जिचा उपचार चालू, तिच्या घरी शेजारची सभासद रोज संध्याकाळी विचारते, "आजच्या झाल्या का गं?" तपासणीसाठी पैसे कमी पडले तर गटातून उचल मिळते.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्रास झाला तरी मनाने गोळी बंद करू नका, त्यांना विचारा. औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नाही.

आणि उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा एकाएकी पोटात असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

येत्या बैठकीत प्रत्येकीला विचारा: तुझी पित्ताची गोळी किती दिवसांपासून चालू आहे?